घरच्या डेटासाठी चार कप्प्यांचं केसिंग कसं निवडायचं

लग्नसराई उतरली की परभणी, जालना, लातूर, बीडकडून मला एकाच छापाचे फोन येतात. "दादा, चार डिस्कचं केसिंग मागवलं, डिस्कही आल्या. आता मोड कोणता ठेवू?" केसिंग म्हणजे हार्ड डिस्क बसवायची कप्प्यांची पेटी, आणि मोड म्हणजे त्या डिस्क संगणकाला सुट्या दाखवायच्या की एकत्र बांधून. विचारणारा बहुतेक वेळा फोटोग्राफर असतो. कधी शाळेतले सर असतात, कधी निजामकाळातले उर्दू कागद आणि खासरा पत्रकं स्कॅन करून ठेवणारं शेतकरी घर. प्रश्न बरोबर असतो, पण तो पैसे देण्याआधी विचारायला हवा होता. मोड आधी ठरतो, मोडवरून डिस्क ठरतात आणि डिस्कवरून केसिंग. लोक उलटे जातात. ऑफर दिसली म्हणून केसिंग घेतात, उरलेल्या पैशांत बसतील त्या डिस्क घेतात आणि बॅकअप आठवतो तो एखादी डिस्क टकटक आवाज करायला लागल्यावर.

हा लेख यूएसबीने संगणकाला जोडायच्या केसिंगबद्दल आहे. राउटरला जोडून घरभर चालणारा नॅस ही वेगळी वस्तू, त्यात स्वतःचा प्रोसेसर आणि स्वतःची प्रणाली असते. एकाच संगणकावर काम चालत असेल तर यूएसबीचं केसिंग पुरतं. तीन-चार जणांना एकाच वेळी फायली लागत असतील तर इथेच थांबा आणि नॅसची माहिती काढा.

## १. वही घ्या आणि डेटा मोजा

अंदाजावर जाऊ नका. लॅपटॉप, जुन्या डिस्क, पेनड्राइव्ह, घरातल्या सगळ्यांचे मोबाइल, सगळं एकदा समोर घ्या. विंडोजमध्ये फोल्डरवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडलं की आकार कळतो. वहीत तीन रकाने पाडा: काय आहे, किती आहे, दुसरी प्रत कुठे आहे. तिसरा रकाना बहुतेकांचा कोरा राहतो, आणि खरं काम त्या कोऱ्या रकान्याचंच असतं.

आता वाढ धरा. कॅमेरा ४के व्हिडिओ सेकंदाला १०० मेगाबिट वेगाने लिहीत असेल तर तासाला ४५ जीबी होतात. दोन कॅमेऱ्यांनी चार तासांचं लग्न टिपलं की ३६० जीबी. आज तुमच्याकडे २.५ टीबी असेल आणि वर्षाला पाऊण टीबीची भर पडत असेल, तर तीन वर्षांनी पावणेपाच टीबी होतील. अशा घराने ४ टीबीची डिस्क घेतली तर दोन वर्षांत पुन्हा खर्च. ८ टीबी घ्यावी.

आणखी एक, कारण यावरून दुकानदाराशी भांडणं होतात. ४ टीबीची डिस्क विंडोजमध्ये ३.६३ दिसते आणि ८ टीबीची ७.२७. कंपनी एक टीबी म्हणजे एक लाख कोटी बाइट मोजते, विंडोज १०२४ च्या पटीत मोजतं. डिस्क कमी दिलेली नसते.

तपासा: तीन वर्षांनंतरचा आकडा वहीत लिहिलाय का? नसेल तर पुढच्या पायरीवर जाऊ नका.

## २. तिसरी प्रत कुठे राहणार ते आधी ठरवा

महत्त्वाच्या डेटाच्या तीन प्रती हव्यात, त्या किमान दोन वेगळ्या साधनांवर हव्यात आणि एक घराबाहेर हवी. हा जुना नियम आहे आणि अजून खरा आहे.

केसिंगमध्ये चार डिस्क असल्या तरी ती सगळी मिळून एकच पेटी. तिला एक अडॅप्टर, एक केबल, एक सर्किट. वळवाच्या पावसात वीज जवळ पडली आणि लाइनमधून झटका आला तर चारही डिस्क एकदम जाऊ शकतात. चोर पेटी उचलून नेतो, तो दोनच डिस्क नेत नाही. फायली कुलूपबंद करून पैसे मागणारा व्हायरस लॅपटॉपमध्ये शिरला तर जोडलेल्या सगळ्या डिस्कपर्यंत पोचतो.

म्हणून बजेटमध्ये आधी एक सुटी डिस्क मांडा, जी घराबाहेर राहील. नांदेडात राहणाऱ्याने ती उदगीरला बहिणीकडे ठेवावी. दिवाळी, संक्रांत, पाडवा, राखी, जेव्हा जाणं होईल तेव्हा ती आणायची, नवी प्रत काढायची आणि पुढच्या फेरीला परत ठेवायची. इंटरनेटवर टाकणं सोयीचं असलं तरी चार-पाच टीबी चढवायला साध्या लाइनवर आठवडे लागतात. कागदपत्रांचे स्कॅन मात्र आकाराने लहान असतात, ते तरी ऑनलाइन ठेवाच.

या सुट्या डिस्कला पैसे उरत नसतील तर चार कप्प्यांऐवजी दोन कप्प्यांचं केसिंग घ्या. डिस्क सोडू नका.

## ३. मोड ठरवा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून जरा सावकाश सांगतो.

केसिंग दोन जातींची असतात. एका जातीत प्रत्येक डिस्क संगणकाला वेगळी दिसते. दुसऱ्या जातीत केसिंगमधली चिप डिस्कची मोट बांधते आणि संगणकाला एकच मोठी डिस्क दाखवते. याला रेड म्हणतात. ४ टीबीच्या चार डिस्क धरून त्याचे प्रकार असे:

रेड ० मध्ये पूर्ण १६ टीबी मिळतात, वेगही मिळतो, पण चारपैकी एक डिस्क गेली की सगळं गेलं. घरच्या साठवणीत याला जागा नाही. रेड १ म्हणजे आरसा, दोन डिस्कवर तेच ते लिहिलं जातं आणि ८ पैकी ४ टीबी वापरायला मिळतात. रेड ५ मध्ये चार डिस्कमधून १२ टीबी मिळतात आणि एक डिस्क गेली तरी डेटा टिकतो, मात्र नवी डिस्क घातल्यावर फेरबांधणी व्हायला कित्येक तास लागतात. त्या वेळात उरलेल्या तिन्ही डिस्क सतत वाचल्या जातात. त्यातली आणखी एक दमली तर काही उरत नाही. रेड १० म्हणजे आरशाच्या दोन जोड्या एकत्र बांधणं, त्यात ८ टीबी मिळतात.

"जेबॉड" हा शब्द दिसला तर विचारून घ्या. काही कंपन्या सुट्या डिस्कला जेबॉड म्हणतात, काही जण डिस्क एकापुढे एक जोडून एक लांब डिस्क करण्याला जेबॉड म्हणतात. दुसऱ्या प्रकारात मधली एक डिस्क गेली की तिच्यावरचा डेटा तर जातोच, उरलेल्यावरचाही काढणं अवघड होतं.

माझं मत स्पष्ट आहे: घरासाठी आणि छोट्या स्टुडिओसाठी सुट्या डिस्कचा मोड घ्या. डिस्क एकवर काम, डिस्क दोनवर रोज रात्री तिची प्रत. चार कप्पे असतील तर एक-दोन कामाच्या आणि तीन-चार प्रतीच्या. कारणं सांगतो.

पहिलं कारण, रेड चुकून पुसलेली फाइल वाचवत नाही. तुम्ही फोल्डर डिलीट केलं की आरशातूनही त्याच क्षणी जातं. रात्रीची प्रत असेल तर कालचं फोल्डर दुसऱ्या डिस्कवर शिल्लक असतं.

दुसरं कारण, केसिंगच बंद पडलं तर चिपने बांधलेली मोट दुसऱ्या कंपनीच्या केसिंगमध्ये सहसा उघडत नाही. तीच चिप असलेलं केसिंग शोधावं लागतं आणि तोवर ते मॉडेल बाजारातून गेलेलं असतं. सुटी डिस्क बहुतेक वेळा कोणत्याही संगणकाला सरळ लावून वाचता येते.

तिसरं कारण आमच्या घरातलंच. माझ्या मावसभावाचा अंबाजोगाईला स्टुडिओ आहे. त्याने रेडचं केसिंग घेतलं होतं. एक दिवस पुढचा एक दिवा लाल झाला. मागे चार बारीक पांढरे खटके होते, पिनेच्या टोकाने सरकवायचे. त्याला वाटलं ते रीसेट. दोन सरकवले, शेजारचं बटण पुस्तिकेत लिहिल्यासारखं दाबून धरलं आणि मला फोन केला. "दादा, लाल दिवा गेला, पण डिस्क नवीन दिसायलीय की." ते खटके मोडचे होते. केसिंगने जुनी मोट मोडून नवी बांधली होती. दोन वर्षांची लग्नं त्यात होती आणि बाहेर प्रत नव्हती. ज्या गिऱ्हाइकांना पेनड्राइव्ह दिले होते त्यांच्या घरी जाऊन त्याने फोटो परत गोळा केले. मिळाले तेवढे मिळाले.

सावधान: मोडचा खटका डिस्क रिकाम्या असतानाच एकदा लावायचा. त्यानंतर त्यावर चिकटपट्टी लावून "हात लावू नये" असं लिहा.

रेड हवंच असेल, म्हणजे डिस्क गेली तरी काम एक तासही थांबून चालत नसेल, तर दोन डिस्कचा आरसा घ्या. रेड ५ ला यूएसबीच्या केसिंगमध्ये मी हो म्हणत नाही. जिथे लाइट दिवसातून दोनदा जाते तिथे तर नाहीच.

## ४. डिस्क निवडा

केसिंगच्या आधी डिस्क, कारण पैसा इथे लागतो आणि डेटाही इथेच राहतो.

आकार. ३.५ इंची डिस्क मोठ्या, स्वस्त पडतात, त्यांना १२ व्होल्ट लागतात. २.५ इंची छोट्या, ५ व्होल्टवर चालतात, पण मोठ्या क्षमतेत घेणं परवडत नाही. घरच्या साठवणीला ३.५ इंच.

सीएमआर की एसएमआर. सीएमआर डिस्कमध्ये डेटाचे पट्टे शेजारी-शेजारी सुटे असतात, एसएमआरमध्ये ते कौलांसारखे एकमेकांवर चढवलेले असतात. जागा जास्त मिळते, पण मधलं काही बदलायचं तर शेजारचे पट्टेही पुन्हा लिहावे लागतात. मोठी कॉपी चालू असताना अशी डिस्क अचानक रांगायला लागते, आणि रेडच्या फेरबांधणीत तर फारच त्रास देते. २०२० मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या "रेड" नावाच्या मालिकेतल्या (इथे रेड हे मालिकेचं नाव, डिस्कची मोट नव्हे) काही डिस्क एसएमआर असल्याचं उघड झालं, तेव्हापासून कंपन्या मॉडेलनुसार हे जाहीर करू लागल्या. वेस्टर्न डिजिटलची रेड प्लस आणि सीगेटची आयर्नवूल्फ या सीएमआर आहेत. वर्षातून मोजक्याच वेळा लिहायच्या, घराबाहेर राहणाऱ्या डिस्कला एसएमआर चालेल.

साटा की सास. साटा ही घरच्या डिस्कची जोडणी, सास सर्व्हरच्या डिस्कची. ऑनलाइन स्वस्तात ८ टीबी दिसली आणि वर्णनात "सास" लिहिलं असेल तर ती सर्व्हरमधून काढलेली डिस्क आहे. तिची पिन साध्या केसिंगमध्ये बसत नाही. या चुकीमुळे परत पाठवलेल्या डिस्क मी पुष्कळ पाहिल्या.

वॉरंटी. बिल पक्कं घ्या. नांदेड, देगलूरकडचे लोक सिकंदराबादच्या चेनॉय ट्रेड सेंटरला जाऊन घेतात, काही पुण्याहून मागवतात. कुठूनही घ्या, पण डिस्कवरचा सीरियल नंबर कंपनीच्या साइटवर टाकून भारतातली वॉरंटी किती उरली ते दुकानातच पाहा. नव्या डिस्कची वॉरंटी दीड वर्षापूर्वी सुरू झालेली दिसली तर उचलू नका.

तपासा: जमल्यास दोन डिस्क वेगवेगळ्या दुकानांतून किंवा महिनाभराच्या अंतराने घ्या. एकाच खोक्यातून आलेल्या, एकाच प्रवासात आपटलेल्या डिस्क जवळजवळच्या दिवसांत बिघडू शकतात.

## ५. आता केसिंग

मोड ठरला, डिस्क ठरल्या. आता वर्णन वाचताना काय पाहायचं ते सोपं होतं.

पंखा. मराठवाड्यात हे सगळ्यात वर. मे महिन्यात बाहेर ४२-४३ अंश असतात, पत्र्याच्या किंवा वरच्या मजल्याच्या खोलीत दुपारी ३८-४० तर सहज. कोंदट पेटीतली डिस्क खोलीपेक्षा दहा-पंधरा अंश जास्त तापते. म्हणजे डिस्क ५० च्या पुढे. बहुतेक डिस्कची कागदावरची कमाल मर्यादा ६० अंशांच्या आसपास असते, पण रोज तिथवर नेणं म्हणजे आयुष्य कमी करणं. ४५ च्या आत ठेवायचा प्रयत्न करा. त्यासाठी मागे ८० मिलिमीटर किंवा मोठा पंखा, धातूची पेटी, दोन डिस्कमध्ये बोटभर फट आणि समोरून हवा आत जायला जाळी हवी. पंखा साध्या मापाचा आणि स्क्रूने बसवलेला असेल तर दोन वर्षांनी गावातच बदलता येतो. वरून डिस्क उभ्या खोचायचे डॉक हाताळायला छान असतात, पण बहुतेकांना पंखा नसतो आणि उघड्या तोंडातून धूळ जाते. कापूस वेचणीच्या दिवसांत घरात जी बारीक धूळ-तंतू येतात ते पाहिलेल्याने डॉक कायमच्या वापराला घेऊ नये. शिवाय अनेक डॉकवर क्लोनचं बटण असतं. मूळ आणि कोरी डिस्क उलट्या खाचेत घातल्या आणि ते दाबलं, तर कोऱ्या डिस्कचा कोरेपणा मूळ डिस्कवर उतरतो.

अडॅप्टर. ३.५ इंची डिस्क चालू होताना तिची चकती फिरायला लागते तेव्हा १२ व्होल्टवर साधारण पावणेदोन ते दोन अँपिअर ओढते. नंतर खूपच कमी. दोन डिस्कना मिळून सुरुवातीला चार अँपिअर लागले आणि अडॅप्टर ३ अँपिअरचा असला तर डिस्क सुरू होऊन पुन्हा बंद पडतात, कधी एक दिसते कधी दुसरी. लोक डिस्कला दोष देतात. दोन कप्प्यांना १२ व्होल्ट ४ अँपिअर किंवा जास्त पाहा. चार कप्प्यांच्या पेट्यांना साधारण ६.५ अँपिअर, म्हणजे ७८ वॅटचा अडॅप्टर मिळतो, तो चारही डिस्क एकदम सुरू करायला कमीच. अशा पेटीत डिस्क एकामागून एक सुरू होण्याची सोय आहे का ते वर्णनात शोधा.

चालू-बंदचं बटण. लाइट गेली-आली की काही केसिंग आपोआप चालू होतात, काही दाबल्याशिवाय होत नाहीत. खट्‌कन एका बाजूला राहणारं बटण असेल तर आपोआप चालू होतं. माझी पसंती दाबायच्या बटणाला, कारण लाइट तीनदा ये-जा करत असताना डिस्कने तीनदा उठबस करू नये.

यूएसबी. ५ गिगाबिटचा पोर्ट प्रत्यक्षात सेकंदाला चारशेच्या आसपास मेगाबाइट देतो, आणि एक हार्ड डिस्क दीडशे ते अडीचशे देते. म्हणजे सुट्या डिस्कना ५ गिगाबिट पुरेसं आहे, १० गिगाबिटसाठी जास्त पैसे घालू नका. टाइप-सी हे फक्त पोर्टच्या आकाराचं नाव आहे, त्यावरून वेग कळत नाही. यूएएसपी (यूएसबीवरून डिस्कशी जलद बोलण्याची पद्धत) लिहिलेलं असावं. जुना यूएसबी २ पोर्ट मात्र तीस-चाळीस मेगाबाइटवर अडकतो, ४ टीबी भरायला दिवसाच्या वर लागतो.

क्षमता आणि स्मार्ट. प्रत्येक कप्पा किती टीबीपर्यंत चालतो ते पाहा. जुन्या केसिंगना २ टीबीच्या पुढची डिस्क कळत नाही. आणि डिस्कची तब्येत सांगणारी स्मार्ट माहिती ते संगणकापर्यंत पोचवतं का हे विचारा. पोचवत नसेल तर घेऊ नका, कितीही स्वस्त असलं तरी.

## ६. जागा आणि वीज

केसिंगचा अडॅप्टर बहुधा १०० ते २४० व्होल्टवर चालतो, त्यामुळे संध्याकाळी व्होल्टेज उतरलं तरी त्याला फरक पडत नाही. स्टॅबिलायझरची गरज नाही. घात होतो तो लिहिणं चालू असताना लाइट गेल्याने आणि परत येताना आलेल्या झटक्याने.

संगणक आणि केसिंग दोन्ही एकाच यूपीएसवर घ्या. ६०० व्हीए लिहिलेला यूपीएस साधारण ३६० वॅट देतो, एक डेस्कटॉप आणि चार डिस्कना फायली बंद करण्यापुरता वेळ मिळतो. घरी इन्व्हर्टर असेल तर त्याच्या मागे किंवा पुढे यूपीएस मोडचा खटका असतो, तो लावा. साध्या मोडमध्ये इन्व्हर्टर सावकाश उचलतो आणि तेवढ्यात केसिंग एकदा बंद होऊन चालू होतं.

अर्थिंग तपासून घ्या. पेटीच्या धातूला हात लावल्यावर बोटांना मुंग्या आल्या तर अर्थिंग नसण्याची शक्यता असते. वायरमनला बोलवा, मगच पुढे.

बोअरची मोटर, कूलर आणि केसिंग एकाच बोर्डवर नको. केसिंग कूलरच्या झोतात ठेवायचं नाही. थंड वाटतं खरं, पण ती ओली हवा असते आणि पंखा ती थेट सर्किटवर ओढतो. पेटीच्या मागे वीतभर जागा सोडा, खाली घट्ट टेबल असू द्या, स्पीकर आणि शिलाई मशीन त्या टेबलवर नकोत.

सावधान: मे-जूनमध्ये आभाळ गडगडायला लागलं की अडॅप्टरची पिन आणि यूएसबी केबल दोन्ही काढा. नुसतं बटण बंद करून भागत नाही.

## ७. जोडणी, याच क्रमाने

१. प्रत्येक डिस्कचा सीरियल नंबर वहीत लिहा आणि ट्रेच्या पुढच्या बाजूला त्याचे शेवटचे चार आकडे चिकटवा. पुढे एखादी बिघडली तर कोणती काढायची ते यावरूनच कळतं.

२. डिस्क कडेने धरा, खालच्या हिरव्या पट्टीला बोट लावू नका. ३.५ इंचीचे आणि २.५ इंचीचे स्क्रू वेगळे असतात, जबरदस्तीने पिळू नका.

३. मोडचा खटका आत्ता लावा.

४. केसिंगसोबत आलेली केबल संगणकाच्या मागच्या पोर्टला लावा. हब नको, पुढचा पोर्ट नको, एक मीटरपेक्षा लांब केबल नको. वायरलेस माउस अडखळायला लागला तर घाबरू नका, यूएसबी ३ च्या तारेतून २.४ गिगाहर्ट्झवर गोंगाट होतो. माउसचा रिसीव्हर दूरच्या पोर्टला हलवा.

५. एकच डिस्क घालून चालू करा. क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर उघडा. नव्या डिस्कचे चाललेले तास शून्याजवळ हवेत. ०५, सी५ आणि सी६ या खराब जागा मोजणाऱ्या ओळींत कच्चा आकडा शून्य हवा. आकडे विचित्र अक्षरांत दिसले तर सेटिंगमध्ये दशमान पद्धत निवडा.

६. विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये डिस्कच्या आखणीचा प्रकार जीपीटी निवडा, एमबीआर नाही. एमबीआरने २ टीबीच्या पुढची जागा वापरता येत नाही. फॉरमॅट एनटीएफएस. मॅकलाही डिस्क लागणार असेल तरच एक्सफॅट, कारण त्यात लिहिताना लाइट गेली तर सावरून घेणारी नोंद ठेवलेली नसते.

७. क्विक फॉरमॅटची खूण काढून पूर्ण फॉरमॅट करा. ४ टीबीला सात-आठ तास लागतात. लोक हे टाळतात आणि पहिल्या महिन्यात पस्तावतात. कच्ची डिस्क याच वेळी उघडी पडते आणि ती बदलून मिळते. उन्हाळ्यात हे काम रात्री नऊला लावा, पहाटेपर्यंत होतं.

८. फॉरमॅट चालू असताना दोन तासांनी तापमान पाहा. ४५ च्या वर गेलं तर जागा बदला, ५० झालं तर थांबवा.

९. स्मार्टच्या त्या तीन ओळी पुन्हा पाहा. अजून शून्य असतील तरच पुढची डिस्क घाला. सी७ ओळीत आकडा वाढत असेल तर दोष बहुधा केबलचा किंवा खाचेचा असतो.

तपासा: सगळ्या डिस्क एकदम घालून केसिंग तीनदा बंद-चालू करा. तिन्ही वेळा सगळ्या दिसल्या पाहिजेत. एक जरी चुकली तरी अडॅप्टर कमी पडतोय, परत पाठवायची मुदत संपण्याआधी बोला.

## ८. डेटा हलवणं आणि रात्रीची प्रत

कट करून पेस्ट करू नका, नेहमी कॉपी. फोल्डरवार चला आणि प्रत्येक फोल्डर झाल्यावर फायलींची संख्या आणि आकार दोन्हीकडे जुळतात का पाहा. मग वर्षवार चार-दोन फोटो आणि एखादा लांब व्हिडिओ मधूनच चालवून बघा. जुन्या डिस्क महिनाभर तशाच ठेवा.

रोजच्या प्रतीसाठी फ्रीफाइलसिंक चांगलं आहे. त्यात मिरर हा पर्याय निवडला तर मूळ डिस्कवर पुसलेलं प्रतीवरूनही पुसलं जातं. म्हणून पुसलेल्या फायली वेगळ्या फोल्डरात साठवण्याची सोय, म्हणजे व्हर्जनिंग, सुरू करा. पहिल्यांदा चालवताना डावी बाजू मूळ आणि उजवी प्रत आहे ना, हे दोनदा पाहा. रिकामी डिस्क डावीकडे ठेवून मिरर चालवला तर काय होईल ते सांगायला नको.

काढताना "सेफली रिमूव्ह". चार डिस्क असतील तर चारही काढून मगच बटण.

महिन्यातून एकदा स्मार्ट पाहा आणि तारखेसह वहीत लिहा. दिवाळीच्या साफसफाईत पंख्याची जाळी ब्रशने झाडा, केसिंग बंद करून आणि पिन काढून.

## ९. डिस्क दिसेनाशी झाली तर

थांबा. विंडोज विचारेल, "डिस्क इनिशियलाइझ करायची?" किंवा "फॉरमॅट करायची?" दोन्हीला नाही म्हणा. घाईत हो म्हटल्याने जेवढा डेटा गेलेला मी पाहिलाय, तेवढा डिस्क स्वतःहून बिघडल्याने गेलेला पाहिला नाही.

मग क्रमाने: केबल बदला. पोर्ट बदला. तरी नाही, तर केसिंग बंद करून तीच एक डिस्क दुसऱ्या कप्प्यात घाला (सुट्या डिस्कच्या मोडमध्येच, रेड असेल तर जागा बदलू नका). दुसऱ्या कप्प्यात दिसली तर खाच खराब आहे. तिथेही नाही, तर डिस्क डेस्कटॉपच्या साटा केबलला थेट लावून पाहा. काही केसिंगच्या चिप डिस्कची आखणी वेगळ्या मापात दाखवतात, त्यामुळे थेट लावल्यावर डिस्क कोरी दिसू शकते. म्हणून तिथेही फॉरमॅटला नाहीच म्हणायचं.

टकटक किंवा खरखर आवाज आला तर पुन्हा-पुन्हा चालू करून बघू नका, प्रत्येक वेळी चकतीवर ओरखडा वाढतो. ती बाजूला ठेवा आणि प्रतीच्या डिस्कवरून काम सुरू करा. पण त्याआधी प्रतीचीच आणखी एक प्रत काढा, कारण आता ती घरातली एकुलती उरली आहे. बहिणीकडची डिस्क मागवून घ्या, तिच्यावर लावलेल्या चिठ्ठीवरची तारीख पाहा, आणि त्या तारखेनंतरचं काय काय कुठे आहे ते पहिल्या पायरीतल्या वहीत शोधा.